मेडिकलमधून आणलेल्या मुरमांच्या ट्यूबा: कोणती ठेवायची, कोणती आजच थांबवायची

प्रश्न एका आईचा आहे. मुलगी सतरा वर्षांची, नीटच्या तयारीसाठी लातूरला हॉस्टेलवर. दीड वर्षापासून कपाळावर, गालांवर, हनुवटीवर मुरूम. हॉस्टेलजवळच्या मेडिकलमधून तिने आधी सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश आणला, मग बेन्झॉइल पेरॉक्साइडची जेल. जेलने चेहरा सोलला म्हणून आठ दिवसांत बंद केली. सध्या दुकानदाराने दिलेली एक क्रीम लावते आणि म्हणते, 'चेहरा मस्त उजळलाय'. आई विचारतात, अशी बिनाचिठ्ठीची औषधं चालू ठेवावीत, की त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावंच लागेल?

ताई, तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या क्रीमपासून सुरू करते, कारण बाकी सगळं आठवडाभर थांबलं तरी चालेल, ते थांबणार नाही. आज रात्री मुलीला फोन करा आणि त्या ट्यूबवर बारीक अक्षरात छापलेली घटकांची नावं वाचून दाखवायला सांगा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन यांपैकी एकही नाव असेल, तर ती मुरमांची क्रीम नाही. ते स्टिरॉइड आहे. नाव कळत नसेल तर ट्यूबचा फोटो मागवा आणि ओळखीच्या डॉक्टरांना दाखवा.

सोलापूरला माझ्या ओपीडीत गेली बावीस वर्षं हे चेहरे मी पाहते आहे. स्टिरॉइड लावलं की तीन-चार दिवसांत सूज बसते, लाली जाते, रंग उजळतो. मैत्रिणी विचारतात, 'काय लावतेस गं?' आणि एका खोलीतून ती ट्यूब चार खोल्यांत जाते. महिना-दोन महिन्यांनी कातडी पातळ पडायला लागते, गालांवर बारीक लाल शिरा दिसतात, मुलींच्या गालांवर-हनुवटीवर लव वाढते आणि एकसारख्या बारीक पुटकुळ्यांचं नवं पीक येतं. मग क्रीम थांबवली की चेहरा पेटल्यासारखा जळतो, म्हणून पुन्हा तीच क्रीम. हे इतकं सर्रास आहे की भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या गैरवापराविरुद्ध स्वतंत्र कृतिगट नेमला. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे कायद्याने ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही काउंटरवर मिळतात, हे तुम्हीच अनुभवता आहात.

मुलीने ती क्रीम दोन-तीन आठवडेच लावली असेल तर सरळ बंद करू दे. चार-सहा महिने लावत असेल तर मात्र आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. थांबवल्यावर चेहरा भडकतो, तो काळ निभावायला औषधांची मदत लागते, आणि ती मिळाली नाही तर मुली हमखास त्याच ट्यूबकडे परततात.

आता मूळ प्रश्न. आपल्याकडे 'चिठ्ठीशिवाय मिळतं' आणि 'चिठ्ठीशिवाय घ्यायला सुरक्षित आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत बिनाचिठ्ठीच्या मुरमांच्या औषधांत कोणते घटक किती टक्के असावेत हे नियमाने ठरलेलं आहे. आपल्या कायद्यात चिठ्ठी लागणाऱ्या औषधांच्या याद्या आहेत, पण बिनाचिठ्ठीच्या औषधांची अशी नीट आखलेली चौकट नाही. त्यामुळे एकाच काउंटरवरून, एकाच आवाजात, उत्तम औषधही मिळतं आणि चेहरा बिघडवणारंही. म्हणून मी पेशंटला पहिल्या दिवशी सांगते, घरात जेवढ्या ट्यूबा-बाटल्या असतील तेवढ्या पिशवीत घालून आणा. पिशवी टेबलावर रिकामी केली की निम्मं निदान तिथेच होतं.

तुमच्या मुलीच्या पिशवीत माझ्या मते सगळ्यात कामाची वस्तू होती ती तिने आठ दिवसांत सोडलेली जेल.

बेन्झॉइल पेरॉक्साइड हे जुनं औषध आहे. केसाच्या मुळाशी तेलात वाढणाऱ्या जंतूंना ते ऑक्सिजनच्या जोरावर मारतं, आणि इतक्या दशकांच्या वापरानंतरही हे जंतू त्याला सरावलेले नाहीत. प्रतिजैविकांबद्दल असं म्हणता येत नाही. लाल, पू धरलेल्या मुरमांवर ते चांगलं चालतं. बाजारात २.५, ५ आणि १० टक्के अशा ताकदींत मिळतं आणि दुकानात गेलेला माणूस साहजिकच '१० टक्केवालं द्या' म्हणतो. तिथेच गडबड होते. या तिन्ही ताकदींची तुलना १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली होती. लाल मुरूम कमी करण्यात २.५ टक्के बाकी दोघांच्या बरोबरीचं ठरलं, आणि १० टक्क्यांपेक्षा त्याने चेहरा कमी सोलला. म्हणजे जास्त टक्क्यांत मुरूम जास्त जात नाहीत, जळजळ मात्र वाढते.

गोऱ्या कातडीला ती जळजळ चार दिवसांची असते, आपल्याला ती महिनोन्महिने पुरते. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेला कुठेही सूज आली, सोललं, खाजवलं की त्या जागी काळपट डाग राहतो. मुरूम आठवड्यात जातो आणि त्याचा डाग सहा महिने आरशात दिसतो. म्हणून परदेशी व्हिडिओत बघून सकाळी ॲसिड, संध्याकाळी स्क्रब, रात्री १० टक्के जेल असा मारा करणाऱ्या मुलामुलींचे मुरूम कमी होतात न होतात, डाग मात्र दुप्पट होतात. औषध निवडताना 'याने मुरूम किती जातील' इतकंच 'याने माझी त्वचा किती चिडेल' हेही आपल्याकडे विचारावं लागतं.

ती जेल लावायची कशी, हे दुकानात कुणी सांगत नाही. मी ओपीडीत पेशंटच्या हातावर दाखवते. चेहरा साध्या सौम्य फेसवॉशने धुऊन पूर्ण कोरडा करायचा आणि दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवायचा. ओल्या चेहऱ्यावर लावलं की जास्त झोंबतं. मग बोटावर वाटाण्याएवढी जेल घ्यायची. कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके द्यायचे आणि पातळ पसरायचे. डोळ्यांच्या भोवती, नाकपुडीच्या कडेला आणि ओठांच्या कोपऱ्यात लावायचं नाही, चेहरा सोलायला तिथूनच सुरुवात होते. फक्त आलेल्या मुरमावर टिकली लावल्यासारखं लावू नये. आज निरोगी दिसणाऱ्या शेजारच्या छिद्रात पुढच्या महिन्याचा मुरूम तयार होत असतो, आणि औषध त्याच्यासाठी असतं. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, तेही पाच-दहा मिनिटं ठेवून धुऊन टाकायचं. सोसलं की वेळ वाढवायची, मग रात्रभर. वरून साधं मॉइश्चरायझर. 'तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर कशाला?' असं प्रत्येक आई विचारते. हे औषध त्वचेचा वरचा थर कोरडा करतं, आणि तो थर सांभाळला नाही तर आठव्या दिवशी औषध सुटतं. तुमच्या मुलीचं नेमकं तेच झालं असावं.

दोन व्यावहारिक गोष्टी. ही जेल रंग उडवते. उशीचा अभ्रा, टॉवेल, कुर्त्याची कॉलर यांवर फिकट डाग पडतात आणि ते धुऊन जात नाहीत. हॉस्टेलवर दुसऱ्या कुणाच्या पांघरुणावर असा डाग पडून भांडणं झालेली मी ऐकली आहेत, तेव्हा पांढरा अभ्रा आणि पांढरा नॅपकिन तिला द्या. दुसरी गोष्ट उष्णतेची. हा घटक तापला की त्यातून थोड्या प्रमाणात बेन्झिन, म्हणजे कर्करोगाला कारण ठरू शकणारं रसायन, तयार होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ९५ उत्पादनं तपासून मार्च २०२५ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. ९० टक्क्यांहून अधिक उत्पादनांत बेन्झिन सापडलंच नाही किंवा अगदी नगण्य होतं, काही मोजकी उत्पादनं मात्र कंपन्यांनी स्वतःहून बाजारातून परत घेतली. घाबरून औषध टाकण्यासारखं यात काही नाही. पण लातूर-सोलापूरचा मे महिना काय असतो हे तुम्हाला सांगायला नको. ट्यूब खिडकीत, गाडीच्या डिकीत, पत्र्याच्या खोलीत ठेवू नये, आणि मुदत संपलेली वापरू नये.

थोड्या लोकांना या जेलची खरी ॲलर्जी असते. नुसतं झोंबणं, कोरडं पडणं, पापुद्रे निघणं ही ॲलर्जी नव्हे, ते सवयीने कमी होतं. पण प्रचंड खाज, पापण्या-ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं, घसा आवळल्यासारखं वाटणं, श्वास लागणं यांपैकी काही झालं तर औषध तिथेच बंद आणि तातडीने डॉक्टर. बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि सॅलिसिलिक ॲसिड या दोन्हींच्या बाबतीत असे गंभीर प्रकार क्वचित घडतात, हा इशारा अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने २०१४ मध्ये दिला होता. नवं उत्पादन आणलं की आधी तीन दिवस एक-दोन छोट्या जागांवर लावून बघायचं, ही त्यांची सूचना मी सगळ्यांना सांगते.

सॅलिसिलिक ॲसिडबद्दल थोडक्यात. ०.५ ते २ टक्क्यांपर्यंत मिळतं, तेलात विरघळतं म्हणून छिद्रात शिरून आतला बूच सैल करतं. काळी-पांढरी टोकं, कपाळावरचा खरखरीतपणा यासाठी ठीक. फेसवॉशमध्ये ते चेहऱ्यावर अर्धा मिनिट राहतं, त्यामुळे त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. लाल, दुखऱ्या मुरमांना ते एकटं पुरत नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी असणाऱ्यांनी टाळावं.

ॲडापलीनवर मात्र थोडं थांबायला हवं. अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं हे औषध छिद्राच्या तोंडाशी बूच बसूच देत नाही, म्हणजे मुरमाच्या मुळावरच काम करतं. अमेरिकेत ०.१ टक्क्याची जेल जुलै २०१६ पासून बिनाचिठ्ठी मिळते. आपल्याकडे ते डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायचं औषध आहे आणि ते तसंच असावं असं मला वाटतं. औषध वाईट नाही, माझ्या चिठ्ठ्यांत ते रोज असतं. पण पहिल्या महिन्यात त्याने त्वचा कोरडी पडते, कधी मुरूम थोडे वाढल्यासारखे वाटतात, आणि सांगायला कुणी नसलं की माणूस तिथेच सोडतो. रात्रीच लावायचं, सकाळी सनस्क्रीन, आणि गरोदरपणात किंवा दिवस राहण्याचा विचार असेल तर अजिबात नाही. गरोदर बायकांसाठी ॲझेलेइक ॲसिड हा चांगला पर्याय आहे. ते हळू चालतं, पण मुरूम आणि मागचे काळे डाग दोन्हींवर काम करतं, म्हणून आपल्या त्वचेसाठी मला ते विशेष आवडतं.

क्लिंडामायसिनची जेल दुकानदार फार सहज देतात, कारण ती झोंबत नाही आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येत नाही. पण ते प्रतिजैविक आहे. एकटंच, महिनोन्महिने लावलं की जंतू त्याला सरावतात. सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड असेल आणि मुदत ठरलेली असेल तरच ते द्यावं. आणि आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या काउंटरवरून कुणी देऊ केल्या तर हात लावू नका. गंभीर मुरमांवर त्याच्यासारखं दुसरं औषध नाही, हे खरं. पण त्या घेताना दिवस राहिले तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं, म्हणून गोळ्या चालू असताना आणि थांबवल्यावर किमान महिनाभर गर्भ राहता कामा नये. रक्ततपासणीही करावी लागते. हे सगळं समजावून सांगितल्याशिवाय ती गोळी कुणाच्याही हातात जाऊ नये.

घरच्या उपायांचं तुम्ही विचारलेलं नाही, पण सहाणेवर दुधात उगाळलेलं जायफळ प्रत्येक घरात कुणी ना कुणी सुचवतंच. आजीच्या मायेला नाव ठेवायचं नाही, पण जायफळाने झोंबून काळे पडलेले गाल मी पाहिले आहेत. लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट हे तर अजिबात नको. मुलतानी माती आठवड्यातून एकदा लावली तर फार बिघडत नाही, फार सुधारतही नाही.

त्यापेक्षा डोक्याच्या तेलाकडे बघा. रात्री डोकं चप्प तेलाने माखून झोपलं की ते कपाळावर उतरतं आणि केसांच्या रेषेलगत बारीक पुरळ उठतं. तेल लावायचंच तर आंघोळीआधी तासभर लावून धुऊन टाकावं. कपाळावरचे किंवा पाठीवरचे फोड एकसारखे, बारीक आणि खाजरे असतील तर ते मुरूम नसून बुरशीचं पुरळही असू शकतं. घाम फार येणाऱ्यांत हे नेहमी दिसतं, आणि मुरमांच्या औषधांनी ते जात नाही. प्रतिजैविकांनी तर वाढतं.

आता वेळेबद्दल, कारण बिनाचिठ्ठीच्या औषधांचं सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं. मुरूम डोळ्याला दिसण्याआधी कित्येक आठवडे आत तयार होत असतो. त्यामुळे कोणत्याही चांगल्या औषधाचा खरा हिशेब आठ ते बारा आठवड्यांनी करायचा. दहा दिवसांत फरक नाही म्हणून ट्यूब बदलणारी मुलगी वर्षभरात दहा ट्यूबा आणते आणि एकीलाही संधी देत नाही. उलट, योग्य पद्धतीने बारा आठवडे लावूनही फरक नसेल तर तेच रेटत राहण्यातही अर्थ नाही. मी एक साधी खूण सांगते. पूर्ण चेहऱ्याला एका वेळी अंदाजे अर्धा ग्रॅम औषध लागतं. रोज लावलं तर १५ ग्रॅमची ट्यूब महिन्याभरात संपायला हवी. ती चार महिने पुरली असेल, तर 'औषधाचा गुण आला नाही' हे म्हणणं खरं नाही.

काही चेहऱ्यांना मात्र बारा आठवडे थांबायलाही वेळ नसतो. बोटाने चाचपल्यावर कातडीखाली दुखऱ्या गाठी लागत असतील, गालावर एक जरी खड्डा पडलेला दिसत असेल, छाती-पाठही भरली असेल, तर काउंटरवरच्या कशानेही भागणार नाही. डाग पुढेमागे फिका होतो, खड्डा आपला आपण भरत नाही. बारावी आहे, नीट आहे, 'परीक्षा होऊ दे मग बघू' म्हणत वर्ष काढलेले आणि मग खड्ड्यांवर लेझर करायला आलेले आईबाप मी फार पाहिले. ती सहा महिन्यांआधीची एक भेट त्यांना किती स्वस्त पडली असती, हे त्यांच्यासमोर बोलवत नाही. मुलीची पाळी दोन-दोन महिने लांबत असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील, तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांच्या बिघाडाची, तपासणी हवी. जिमला जाणारा मुलगा असेल तर प्रोटीन पावडर आणि इंजेक्शनांबद्दल विचारावं लागतं. क्षयाची औषधं चालू असणाऱ्यांनाही असे फोड येतात. हे प्रश्न मेडिकलचा माणूस विचारत नाही, त्याने विचारावेत अशी अपेक्षाही नाही.

तुमच्या मुलीसाठी मी काय करीन ते सांगते. क्रीमचा निकाल आधी लावायचा, वर सांगितलं तसा. स्टिरॉइड नसेल किंवा थोडे दिवसच लावलेलं असेल, आणि गाठी-खड्डे नसतील, तर दोन आठवडे फक्त सौम्य फेसवॉश दिवसातून दोनदा, मॉइश्चरायझर आणि सकाळी जेलच्या स्वरूपातलं सनस्क्रीन. त्वचा शांत होऊ दे. मग २.५ टक्क्यांची बेन्झॉइल पेरॉक्साइड जेल, आधी तीन दिवस छोट्या जागेवर बघून, एक दिवसाआड, वर सांगितलेल्या पद्धतीने. सॅलिसिलिकचा फेसवॉश त्या काळात बाजूला. दोन्ही एकदम चालू केले की काय झोंबलं ते कळत नाही. अभ्यास करताना हात हनुवटीवर जातो आणि नखाने फोड फोडला जातो, तेवढं तिला प्रेमाने सांगा, रागावून नको. या वयात आरशात बघणं किती जड जातं हे त्या मुली माझ्याकडे दार लोटून रडत सांगतात.

दर पंधरा दिवसांनी एकाच खिडकीशी, एकाच वेळी, फिल्टर न लावता समोरून आणि दोन्ही बाजूंनी असे तीन फोटो तिला काढून ठेवायला सांगा. रोज आरशात बघणाऱ्याला फरक कळत नाही, फोटोत कळतो. बारा आठवड्यांनी पहिला आणि शेवटचा शेजारी ठेवा. सुधारणा दिसली तर जेल चालू ठेवा, मुरूम थांबल्यावरही काही महिने. नाही दिसली, तर तेच फोटो आणि सगळ्या ट्यूबांची पिशवी घेऊन जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, लातुरातच चांगले डॉक्टर आहेत, तिचा क्लासही बुडणार नाही. आणि ती उजळवणारी क्रीम पिशवीत आठवणीने ठेवा. मुली नेमकी तीच घरी विसरून येतात.